रोवण्यातली मोकळी जागा

आईच्या आजाराबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करावी, हे मला अजून नीट कळत नाही. डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं, कधीपासून? बाबा म्हणाले, दिवाळीपासून. मावशी म्हणाली, आत्ता-आत्ताच. मला मात्र धानाची बांधी आठवली.

आमच्याकडे रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत बायका एका ओळीत वाकतात आणि पऱ्हे, भाताची रोपं, लावत मागे सरकतात. शेजारणीचा हात जिथे संपतो तिथून आपला सुरू होतो. टोमणे, सासवांच्या तक्रारी, थट्टा, सगळं त्या ओळीतच चालतं आणि आई त्यात पुढे असायची. बारावीनंतरच्या सुट्टीत मीही तिच्यासोबत जात होते. त्या वर्षी आई आणि मावशी यांच्या मध्ये चिखलाची एक पट्टी रिकामी राहायला लागली.

"काय वो, मधातून बैलबंडी नेतेस का?" मावशीनं विचारलं.

"थे लावून राहिली नं," आई म्हणाली.

"कोन थे?"

"कामठ्याची."

"मंग तिले सांग, हात चालव म्हनावं. आन् तिच्या वाट्याचा चाय मले दे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आईची थट्टाच वाटली. संध्याकाळी मालक ओरडला, तेव्हा मावशीनं पुन्हा वाकून ती पट्टी भरून काढली.

रोवणा संपला की आमच्या गावात बायका सलाईन लावून घेतात. महिनाभर पाण्यात उभं राहून अंगात काही उरत नाही, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटत नाही. आईलाही लावली. ती शांत झोपली, दोन दिवस बरी राहिली आणि कमजोरीच होती असं सगळ्यांचं मत झालं. मग ती चुलीजवळ एकटीच बोलू लागली की बाबा तिला गावातल्या डॉक्टरकडे न्यायचे आणि बाटली लावून आणायचे. वर्ष असंच गेलं.

ती कामठ्याची बाई नुसती बोलत नव्हती. ती आईला सांगायची की पाण्यात काहीतरी टाकलंय, जेवू नको. आई फक्त स्वतः ओढलेलं पाणी प्यायला लागली. आंघोळ सुटली. वाक्य अर्धं सोडून ती कान टवकारायची आणि पुढे भलतंच काही बोलायची. बाबांना वाटलं, तिच्या मागे खरंच कुणीतरी लागलं आहे. एक दिवस ते सायकल काढून शेजारच्या कामठा गावाला गेले, त्या बाईला समजावून सांगायला. मी तेव्हा गोंदियाला कॉलेजात होते आणि सुट्टीत घरी आले होते. ते परतले तेव्हा शर्ट घामानं भिजला होता.

"लोकायनं चाय पाजला," ते म्हणाले. "घरोघरी विचारलं. तशी बाई तं नाई भेटली."

ते हे अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. त्यानंतरच मी हट्टानं तिला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं, मानसोपचाराच्या खोलीत.

निघताना बाबा आईला नवं लुगडं नेसायला सांगून वर बजावत होते, "हो-नाई एवढंच बोलजो. येडी समजून ठेवून घेतीन." आमच्या लोकांना कोणत्याही सरकारी टेबलासमोर असंच जायची सवय आहे, नीटनेटकं आणि कमी बोलून. डॉक्टर हिंदीत विचारत गेले. आवाज आते हैं? आई म्हणाली, नाही. किसी पर शक होता है, कोई नजर रखता है? बाबाच मधे म्हणाले, "बिरसीच्या विमानतळाचे शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावर फिरते साहेब, सगडेच वरती पायते." डॉक्टर हसले आणि लिहू लागले. मला दिसत होतं की आता ते ताकदीच्या गोळ्या देऊन आम्हाला परत पाठवतील.

तेव्हा मी त्या रिकाम्या पट्टीबद्दल सांगितलं.

त्यांचा पेन थांबला. "कितनी चौड़ी?"

"एक बाई बसेल एवढी," मी म्हटलं.

मग त्यांनी आम्हाला बाहेर पाठवलं आणि आईशी बराच वेळ एकटे बोलले. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढायला लावला. सगळं नॉर्मल निघालं, त्यामुळे बाबांना आशा वाटली. पण डॉक्टर म्हणाले की या आजाराचा फोटो निघत नाही. तपासण्या दुसरा आजार नाही ना हे पाहायला असतात. हा आजार माणसाचं बोलणं, वागणं आणि तो किती काळ चाललाय यावरून ओळखावा लागतो. स्किझोफ्रेनिया. मला वाटायचं त्यात एका माणसाची दोन माणसं होतात. तसं नसतं. आईला तो आवाज माझ्या आवाजाइतकाच खरा ऐकू येतो, म्हणून वाद घालून काही होत नाही. आणि तिचं गप्प बसणं, आंघोळ न करणं, ज्याला मावशी आळस म्हणायची, तोही आजारच होता.

"बरी होईल का?" मी विचारलं.

"कुछ लोग काफी संभल जाते हैं," ते म्हणाले. "इनका बहुत समय निकल गया है. देखते हैं."

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "फोटोत नाई दिसलं, मंग याले कसं समजलं? सलाईन बी नाई लावली."

गोळ्या सुरू झाल्या. आवाज कमी झाला, जेवणही लागलं. पण आईचे हात कापायला लागले आणि चेहरा हलेनासा झाला. डॉक्टरांनी गोळी बदलली, हात थोडे थांबले. चेहरा तसाच राहिला. यंदा रोवण्याला बायकांची टोळी आईला न बोलावता आमच्या दारावरूनच गेली. मी मावशीला विचारलं, तर तिनं खाली बघत सांगितलं, "मालक नाई म्हन्ते वो. अन् तिच्या बाजूले कोनी उभी राहत नाई."

मागच्या आठवड्यात मी घरी गेले होते. बाबांच्या मते ती गोळी तोंडात धरून नंतर थुंकत होती. मी तिच्याजवळ बसून सांगायचा प्रयत्न केला, की आई, ती बाई नाहीये, तो आजार आहे, गोळी घेतली नाही तर तू परत उपाशी राहशील. मला वाटतं मी नीटच सांगत होते. डॉक्टरांनी सांगितलं तसंच, हळू आवाजात.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

"तू पंधरा दिवसानं येतेस," ती म्हणाली. "तुही मावशी बी येत नाई. थे रोज येत होती. तिले काऊन हाकललं तुमीनं?"

ती बाई तुला जेवू देत नव्हती, असं मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली, "पन बोलत होती."

मी गोळी आणि पाणी पुढे केलं. तिनं घेतली आणि मी न सांगताच तोंड उघडून जीभ दाखवली, लहान मुलासारखी. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा होती, म्हणून मी दुपारच्या बसनं निघाले. परत कधी येशील, हे तिनं विचारलं नाही.