तिसऱ्या थराचे गुरू

आता तुमच्यापासून काय लपवायचे? चहा ओतलाच आहे, तर ऐका. मात्र एक अट: हसायचे ते शेवटी. मध्येच हसलात तर माझ्या विद्वत्तेचा अपमान होईल, आणि या किश्श्यात मला तिचाच काय तो आधार आहे.

मी वाशीमच्या एका शाळेत संस्कृत शिकवतो आणि गेली अकरा वर्षे आमच्या आर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. दचकू नका! गुरूंसमोर बसून वर्षानुवर्षे खर्ज साधलेल्या माणसाला याहून योग्य वाद्य कोणते? चार जाड तारा आणि नुसता खर्ज! बेस म्हणजे गाण्याच्या पायाखालची जमीन. असते तेव्हा कुणाचे लक्ष जात नाही. नसली की सगळे धडपडतात.

अडचण अशी, की हल्लीच्या गाण्यांत ही जमीन एकेरी राहिलेली नाही. स्टुडिओत बेसवर बेस चढवतात. एक खाली स्थिर, दुसरा त्याच्यावर नाचणारा, आणि ऐकणारा म्हणतो, वा, काय भरलेले गाणे आहे! तेच गाणे लग्नाच्या मांडवात वाजवायचे, तर हे सगळे थर एकट्या माणसाच्या दोन हातांत बसवावे लागतात. तो एकटा माणूस म्हणजे मी!

चैत्रात केनवडला नामदेवकाकांच्या मुलीचे लग्न होते. नामदेवकाका म्हणजे आमचा कीबोर्डवाला गजानन, त्याचे सख्खे काका. नवरीने फर्माईश केली ती नेमकी अशाच एका थरांवर थर चढवलेल्या गाण्याची. आर्केस्ट्रा चालवणाऱ्या आणि त्यात गाणाऱ्या वंदनाताईंनी तालमीत सरळच सांगून टाकले.

"सर, राग नका मानू. या गाण्यात बेस लय हाये. एकट्याच्यानं नाही होत. गजानन कीबोर्डातून बेसचा तयार ट्रॅक लावते."

"आणि मी?"

"तुमी निवेदन करा ना! तुमची भाषा किती साजरी हाये."

निवेदन! अकरा वर्षे जमीन सांभाळणाऱ्याला म्हणायचे, आता बांधावर उभा राहून पाहुण्यांना रामराम कर! आणि एका गाण्यात ट्रॅक शिरला की दुसऱ्यात शिरतोच. माझी जागा जाणार, हे मला लख्ख दिसले.

"पंधरा दिवस द्या," मी म्हणालो. "सगळे थर या दोन हातांतून काढले नाहीत, तर गिटार भिंतीला टांगीन."

"ठरलं," वंदनाताई म्हणाल्या. त्या असे काही विसरत नाहीत.

प्रथम मूळ गाणे नीट ऐकायला हवे. गजाननच्या केनवडच्या घरी कपाटाएवढे दोन नवे स्पीकर आले होते. मी त्याला म्हणालो, "त्यांच्यावर गाणे वाजव, समोर फोन ठेवून रेकॉर्ड कर आणि मला पाठव."

"काहून सर? गानं तुमच्या मोबाईलातच हाये. हेडफोन लावून ऐका ना."

"गजानन, मोठ्या स्पीकरातून निघालेला खर्ज हवेत श्वास घेतो. मला तो श्वास ऐकायचा आहे."

"बरं बापा. श्वास पाठोतो."

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग आले. मी दार लावले, हेडफोन चढवले, खर्ज वाढवता येईल तेवढा वाढवला आणि डोळे मिटले. पहिला थर सापडला: तळाशी, संथ. दुसरा सापडला: त्याच्यावर बागडणारा. आणि मग, अहो, मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो! त्या दोहोंच्याही खाली आणखी एक थर होता! घुर्र-ढप, घुर्र-ढप! दबका, गूढ, जणू पृथ्वीच्या पोटातून येणारा!

आणि त्याची लय? तालाशी फटकून! कधी समेच्या अलीकडे, कधी पलीकडे. सामान्य श्रोत्याला वाटेल, चुकले. मी काय सामान्य श्रोता आहे? मी जाणले, ही आडलय! बरे, दुसऱ्या कडव्यानंतर तो थर एकाएकी थांबतो. नऊ मात्रा निःशब्द! मग 'खट्... खट्...' असे दोन आघात, आणि पुन्हा घुर्र-ढप! त्या नऊ मात्रांनी माझ्या डोळ्यांत पाणी आणले.

पंधरा दिवस मी दुसरे काही केले नाही. अंगठ्याने खालची मोकळी तार घुमत ठेवायची, म्हणजे पहिला थर. दोन बोटांनी वरच्या तारांवर दुसरा. आणि तळहाताच्या कडेने तारा दाबत, घासत, ठोकत तिसरा. बोटांना फोड आले, मनगट सुजले, पण काय तो आनंद!

सौभाग्यवती एकदा दारात येऊन म्हणाली, "शेजारच्या काकू इचारून राह्यल्या, बोरवर नवी मोटर बसवली का म्हनून."

"त्यांना सांग, ही लयकारी आहे."

"सांगतो. पन लयकारी चार वाजता बंद करा. त्यायचं लेकरू झोपते."

तालमीत वाजवून दाखवले. वंदनाताई गाता गाता थांबल्या. "सर, दोन थर एकदम बराबर जमले! पन खालून हे काय घुरघुरून राह्यलं?"

"तो तिसरा थर."

गजाननने मान हलवली. "मले तं दोनच ऐकू येतेत, सर."

"तुझे कान कीबोर्डाने बिघडवले आहेत!" मी कडाडलो. आणि त्या भरात, देवा, त्या भरात मी सर्वांसमक्ष बोलून गेलो, "ज्या महाभागाने हा तिसरा थर रचला, तो माझा गुरू! तो जिथे भेटेल तिथे त्याला साष्टांग नमस्कार घालीन!"

लग्नाचा दिवस. संध्याकाळी स्वागत समारंभ. मांडवात सगळे केनवड लोटलेले. फर्माईशीचे गाणे सुरू झाले, आणि काय सांगू, तिन्ही थर माझ्या हातांतून धो-धो वाहू लागले! नवरी खूश. वंदनाताईंनी गाता गाताच माझ्याकडे पाहून मान डोलावली. माझी जागा वाचली होती!

एवढ्यात पुढच्या रांगेतल्या तिघा शेतकऱ्यांनी कान टवकारले. मी मनात म्हटले, पाहा! शहरातल्या रसिकाला जे कळत नाही, ते मातीतल्या माणसाला कळते!

दुसरे कडवे संपले. आली ती जागा. तिसरा थर थांबवला. नऊ मात्रा निःशब्द...

"पट्टा सुटला!" तिघेही एका सुरात ओरडले. एक जण तर खरोखरच उठून मांडवामागे धावला.

मी 'खट्... खट्...' वाजवले. आणि व्यासपीठावर पाहुण्यांचा आहेर स्वीकारणारे नामदेवकाका, हातातले पाकीट तसेच धरून, फेटा सावरत ओरडले, "अबे गजू! हे तं माही मशीन होय ना बे! हरभरा काढाच्या दिवशी असाच पट्टा सुटला होता. दोन हातोडे मारले तवा बसला!"

गजाननने कीबोर्डावरचा हात उचलून कपाळावर मारला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. त्या दुपारी तो खिडकी उघडी ठेवून माझा 'श्वास' रेकॉर्ड करत होता, तेव्हा पलीकडच्या शेतात काकांचे मळणीयंत्र चालू होते. लांबून येणाऱ्या आवाजाची धार वाटेत गळते आणि नुसता खर्ज तेवढा पोचतो. तो पोचला. थेट माझ्या डोळ्यांत पाणी आणण्यापर्यंत पोचला!

पुढे काय? मांडव गडगडून हसला आणि त्याच दमात ओरडला, "पुन्हा! मशीनवालं पुन्हा!" तीनदा वाजवले. तिसऱ्यांदा तर नवरदेवच नाचला.

परतताना गाडीत वंदनाताई म्हणाल्या, "सर, जागा तुमचीच. दोन थर एका मानसानं काढले, ट्रॅकची गरज नाही. पन तुमचा शब्द?"

"कोणता शब्द?" मी खिडकीबाहेर पाहत विचारले.

"साष्टांगवाला."

मी म्हटले होते ना, त्या असे काही विसरत नाहीत!

खंडेनवमीला आपल्याकडे यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी सगळ्या आर्केस्ट्राने मला केनवडला नेले. नामदेवकाकांच्या अंगणात ते यंत्र झेंडूच्या माळा घालून उभे होते. मी नारळ वाढवला, हळदकुंकू वाहिले आणि दिला शब्द पाळण्यासाठी, स्वच्छ धोतर नेसून, भर अंगणात आडवा झालो. कपाळ टेकले. क्षणभर, खरे सांगतो, मला थोडे गहिवरूनही आले.

तेवढ्यात डोक्यावरून नामदेवकाकांचा आवाज आला, "सर, जराक बाजूले सरकता का? गुरुजीले ग्रीस लावाचं हाये."