उजव्या हाताचा पट्टा

"शिदोरी आपली, तर वाट आपली."

चिमाजी नानांचं हे बोलणं आमच्या गावात सगळ्यांना पाठ आहे. लग्नाचं वऱ्हाड निघो, कोर्टाची तारीख असो, नाहीतर कुणाला दवाखान्यात भेटायला जायचं असो, नाना निघाले की त्यांच्या खांद्याला धुवट फडक्याची गाठोडी असायची. तिच्यात दोन भाकरी, ठेचा, कांदा, आणि हंगाम असेल तर वाटाण्याची कोरडी उसळ. पंचवटीच्या फुलबाजारात त्यांनी चाळीस वर्षं झेंडू आणि शेवंती विकली. बाजारातली बाकीची माणसं दहा वाजता मिसळीच्या गाड्यावर जमायची. नाना रिकाम्या क्रेटवर बसून फडकं सोडायचे. कुणी चहा पाजला तरी पाण्याच्या तांब्याने परतफेड करायचे. ह्या गोष्टीचा त्यांना ताठा होता, आणि तो त्यांना शोभायचाही.

मी त्यांचा शेजारी, बांधाला बांध लागून. पहाटे त्यांच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज माझ्या अंथरुणापर्यंत यायचा. तो हात नवसाबाईंचा. निफाडकडची ही बाई सोळाव्या वर्षी या घरात आली. तिने किती भाकऱ्या थापल्या ते त्या तव्यालाच माहीत. सगळ्यांचं झालं की चुलीपुढं बसून, तव्यावर राहिलेलं पुसून ती जेवायची. तिला कुणी वाढताना मी पाहिलं नाही. तिने तक्रार केलेलीही ऐकली नाही. विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. नानांचा मुलगा महेश सातपूरला कारखान्यात आहे. त्याची मुलगी ओवी पाचवीत. घाटाखाली कुठंसं पाळण्यांचं आणि पाण्याच्या खेळांचं मोठं पार्क झालंय, तिथं नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी जायचं असा तिने हट्ट धरला होता. आधी बुकिंग केलं की सूट मिळते, म्हणून महेश ओट्यावर फोन घेऊन बसला होता. शेजारी नवसाबाई आणि सून छाया झेंडूच्या माळा ओवत होत्या. मीही हंडाभर पाण्याच्या निमित्ताने तिथं टेकलो होतो.

"नाना, तिथं बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत," महेश म्हणाला. "जेवणाचं पॅकेज आत्ताच ठरवायला लागेल."

"आपल्या घरचं खाणं बाहेरचं कसं?" नाना म्हणाले. "बाहेरचं ते त्यांचं."

"हे त्यांच्या वॉचमनला सांगा," छाया म्हणाली.

ओवीने फोन ओढून घेतला आणि वर्गात धडा वाचावा तसं वाचलं. पहिलं पॅकेज नुसत्या दुपारच्या जेवणाचं. दुसरं नाश्ता आणि जेवण. तिसरं सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, हवं ते, हवं तितक्यांदा.

"तितक्यांदा म्हंजे?" नवसाबाईंनी विचारलं.

"म्हणजे कितीही वेळा, आजी. आणि गरम पुऱ्या टेबलावर आणून देतात. आपण बसूनच राहायचं. ते काका येऊन विचारतात, अजून काय देऊ."

नवसाबाईंच्या हातातली सुई थांबली. "इचारत्यात?"

"हो. सारखं विचारतात."

"तुझ्या आजीला बसवून ठेवलं तर तीच आत जाऊन पुऱ्या लाटायला लागेल," नाना म्हणाले, आणि आम्ही हसलो. नवसाबाईही हसल्या.

"मग तिसरं घेऊ, पाच जणांचं?" महेशने विचारलं.

नानांनी तारीख विचारली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "त्या दिवशी एकादशी आहे. हिला उपास. हिचं पान कशाला वाया घालवता? तिकीट पाचांचं काढ, जेवण चौघांचं. ही आपली शेंगदाण्याचा लाडू नेईल पदरात."

यात वाईट काही नव्हतं. कुणीही हेच म्हणालं असतं. मीही मान डोलावली. महेशने नवसाबाईंकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि सुई पुन्हा फुलातून काढली.

भाद्रपदात तापाचं निमित्त झालं आणि चौथ्या दिवशी नवसाबाई गेल्या. कपाळावर कुंकू असताना गेल्या, भाग्याच्या म्हणायच्या, असं बायका बोलल्या. असं अहेवपणी मरण आलेल्या बाईच्या नावानं आमच्याकडे सवाष्ण जेवू घालतात. नवरा हयात असलेली एखादी बाई पाटावर बसवायची, तिची ओटी भरायची, तिला पोटभर वाढायचं. ती जेवली की गेलेली जेवली. तेराव्याला तेही सगळं यथासांग झालं. नाना कोपऱ्यात बसून होते. त्या दिवसापासून ते ताटावर बसायचे, पण दोन घासांत उठायचे.

घरात वर्षभर सण नसतो, त्यामुळे पार्कचा विषय आपोआप मिटला होता. पण दिवाळीनंतर महेशच्या फोनवर पार्ककडून आठवण आली. तिकिटं परत घेत नाहीत असं तिच्यात लिहिलं होतं. "राहू दे, जायचं नाही," नाना म्हणाले. छाया भांडी घासत होती. ती हात न थांबवता म्हणाली, "आईंना जायचं होतं."

"तिला कुठं पाळण्यात बसायचं होतं?"

"पाळण्यात नाही." छायाने हातातला तवा खाली ठेवला. "बुकिंग केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही शेवंती तोडत होतो. मला म्हणाल्या, एक एकादशी सोडली तर देव रागावत नाही ना गं? मी म्हटलं, का हो? तर म्हणाल्या, एकदा बसून खायचं होतं, कुणी वाढलेलं. मी म्हटलं, सांगते ह्यांना, तुमचंही पान घ्यायला लावते. तर म्हणाल्या, नको, त्यांनी चारचौघांत सांगितलंय, आता त्यांचा शब्द खाली पडेल."

नाना उठून मळ्यात गेले. मी बांधावरून पाहिलं. ते शेवंतीच्या सरीत उभे होते आणि फुलं तोडत नव्हते.

संध्याकाळी आल्यावर त्यांनी महेशला सांगितलं, "जायचं. तिचं पान घाल. तिसरं पॅकेज."

"नाना, त्यात नाव आणि वय लिहायला लागतं."

"लिही ना. तिला नाव नव्हतं का?"

गाव बोललं. वर्ष झालं नाही तोवर चिमाजी नाना पाळण्यात बसायला निघाले, असं पारावर कुणी म्हणालं. नानांनी ते ऐकलं. निघायच्या सकाळी मी रस्त्यावर उभा होतो. त्यांच्या खांद्याला काही नव्हतं. गाठोडीशिवाय तो खांदा मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो मला एकदम म्हाताऱ्याचा वाटला.

पुढचं छायाने सांगितलं तसं सांगतो.

पार्कच्या दारात एक मुलगी प्रत्येकाच्या मनगटाला कागदी पट्टा बांधत होती. जेवणाचा पट्टा केशरी. चार पट्टे बांधून झाले, पाचवा तिच्या हातात राहिला.

"नवसाबाई कोण? आजी मागे आहेत का?"

महेश चाचरला. नाना पुढे झाले. "ती वारली. जेवण तिचं आहे."

मुलीने यादीकडे पाहिलं, मग नानांकडे. "बाबा, ज्याच्या हाताला पट्टा त्यालाच जेवण देतात. मोकळा पट्टा मी देऊ शकत नाही."

"माझा ह्या डाव्या हाताला बांधलास. हा उजवा हात तिचा धर."

मागे रांग होती. मुलीने क्षणभर विचार केला आणि उजव्या मनगटाला पाचवा पट्टा बांधला.

पोरगी पाण्यात खेळली. महेश आणि छाया काठावर बसले. दुपारी सगळे जेवणाच्या मोठ्या दालनात गेले. नानांनी आपल्यासाठी काही घेतलं नाही. जन्मात कधी उपास न केलेल्या माणसाने त्या दिवशी एकादशी धरली होती. उजवा हात दाखवून त्यांनी एक ताट घेतलं. वरण, भात, बटाट्याची भाजी, श्रीखंड असं नीट जागच्या जागी वाढून घेतलं आणि टेबलावर आपल्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवलं. पुऱ्या वाटणारा माणूस आला. त्याने ताटात दोन पुऱ्या ठेवल्या, टम्म फुगलेल्या.

"अजून काय देऊ?"

नाना खुर्चीकडे पाहत राहिले. तो माणूस दुसऱ्या टेबलाकडे गेला. पुऱ्या बसल्या. तो फिरून आला, पुन्हा दोन ठेवल्या. त्याही बसल्या. ओवी जेवायची थांबली. छायाने तिला डोळ्याने खुणावलं.

टेबलं पुसणारी एक बाई आली. पन्नाशी उलटलेली, निळा झगा, छातीवर नावाची पाटी होती, झुंबरबाई. "बाबा, हे उचलू का? गार झालं."

"तुमचं जेवण झालं?" नानांनी विचारलं.

बाई गोंधळली. असं कुणी विचारत नसावं. "आमचं मागाहून असतं."

"कुठल्या तुम्ही?"

"हरसूलकडची."

"बसा. हे पान माझ्या मंडळीचं आहे. ती गेली. तुम्ही जेवलात तर ती जेवल्यासारखं होईल."

झुंबरबाईने फडकं घट्ट धरलं. "सवाष्ण पायजे ना त्याला? मी नाय तशी. आमचा मालक पाच सालामागं गेला."

"तिला कुणी वाढलं नाही कधी," नाना म्हणाले. "सवाष्णीचं तेराव्याला झालं. हे वेगळं आहे."

"आज एकादशी हाय. मला उपास."

नानांचा चेहरा उतरला. ते तिच्याकडे बघत राहिले. ती दाराशी उभ्या असलेल्या सुपरवायझरकडे बघत होती.

"बाई, उपास खराच आहे, की कुणाचा शब्द खाली पडेल म्हणून?"

तिने दाराकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग खुर्चीच्या अगदी कडेला टेकली, उठायला सोपं जावं अशी. नाना उभे राहिले. पुऱ्यांवाल्याला त्यांनी हाक मारली, गरम पुरी आपल्या हाताने घेतली आणि तिच्या ताटात ठेवली. तिने पहिला घास मोडला. वाफ निघाली.

"लय गरम हाय," ती म्हणाली.

"सावकाश खा. अजून काय देऊ?"

छाया सांगते, हे शब्द नाना असे बोलले की महेश उठून पाणी आणायला गेला तो बराच वेळ आला नाही.

झुंबरबाईने दीड पुरी खाल्ली. थोडं श्रीखंड खाल्लं. मग दाराकडून तिच्या नावाची हाक आली. रागाची नव्हती, कामाची होती, पलीकडे कुणाच्या पोराने सरबत सांडलं होतं. ती उठली. ताट अर्धं राहिलं.

"भात राहिला," नाना म्हणाले.

"बाबा, पोट भरलं."

"खरं?"

"बरं वाटलं," ती म्हणाली. त्या "बरं"वर नानांनी मान खाली घातली.

ते खुर्चीवर बसले. अर्धं ताट त्यांनी आपल्याकडे ओढलं, पण खाल्लं नाही. उजव्या मनगटावरचा पट्टा अंगठ्याने चोळत राहिले. कागद घामाने ओला होऊन सुटत आला होता. मग ताट दोन्ही हातांत धरून, उष्ट्या भांड्यांच्या खिडकीत स्वतः नेऊन ठेवलं. हात धुतले आणि कुणाची वाट न बघता दाराबाहेर पडले. पाळण्यांच्या, गाण्यांच्या गलक्यातून, रिकाम्या खांद्याने, गाडीतळाच्या बाजूने चालत गेले. ओवी त्यांच्या मागे निघाली होती, छायाने तिला धरलं. त्या दोघी बघत राहिल्या. आणि सांडलेल्या सरबतापाशी गुडघ्यावर बसलेली झुंबरबाई, हातातलं फडकं तसंच धरून, नाना दिसेनासे होईपर्यंत बघत होती.