प्रायमर मारलेली कळशी

लातूरच्या त्या क्लासवाल्या सरांचा मला आजही राग येतो. पण त्याआधी स्वतःच्याच कानाखाली काढावीशी वाटते, म्हणून आधी माझं सांगतो.

माझा नांदेडात फोटो स्टुडिओ. डोळ्यांवर व्हीआरचा डबा चढवून खोट्या खोलीत हिंडायचं, ते तंत्र मी इंटरनेटवर शिकलो होतो, म्हणजे अर्धवट. सरांना भूकंपाची तशी खोली हवी होती. पडकं घर, त्यात खऱ्या वस्तू. ॲडमिशनला आलेले आईबाप गहिवरणार आणि फॉर्म भरणार. हा डाव मला कळला होता. तरी गेलोच.

क्लासच्याच होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशींनी त्या खोलीसाठी आपली पितळी कळशी दिली. लग्नात भावानं दिलेली, टिंबाटिंबानं त्याचं नाव कोरलेली. भाऊ भूकंपात गेला. ढिगाऱ्यातून निघालेली गावाची भांडी एका जागी रचली होती. मावशींना वाचता येत नाही, पण टिंबांवरून बोट फिरवून त्यांनी ही ओळखली.

"चार दिवसांत आणून देतो," मी म्हणालो.

"जशी हाय तशी द्या, म्हंजे झालं."

कळशीचे चहूबाजूंनी शेकडो फोटो काढायचे, मग कॉम्प्युटर त्यांतून आकार उभा करतो. पण पितळ पडलं चकचकीत. पहिल्या खेपेला तयार झालेल्या कळशीला जागोजागी भोकं, आणि तिच्या पोटावर कॅमेरा धरलेला, ढेरपोट्या मीच! चमक घालवायला टाल्कम पावडर लावतात. ती फॅननं उडाली. फॅन बंद करायचं सोडून मी शहाण्यानं गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून प्रायमरचा स्प्रे आणला. तीन हात मारले.

स्कॅन झकास आला. नाव मात्र गायब. टिंबांत प्रायमर भरून बसला होता.

"नाव टाइप करून चिकटवा की," सर म्हणाले. "आणि कळशी इथंच काचेत ठेवू. बाईला नवी घेऊन देतो."

"त्यांची आहे ती, सर."

"माझ्याकडंच पोळ्या करते ना? जातेय कुठं?"

यावर मी काय बोललो? "बघू." त्या 'बघू'चा संताप अजून उतरलेला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी फोटोसाठी सरांनी मावशींच्या डोळ्यांवर डबा चढवला. मावशींनी हात पुढं केला. हवेतच फिरला.

"दिसती माझ्या कळशीवानी. बोट लागंना पर." त्यांनी डबा काढला. "माझी आणा."

मी ती राखाडी कळशी पुढं केली. त्यांनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ही कुणाची?"

"तुमचीच, मावशी! नवी करून दिली," सर हसले.

मावशी माझ्याकडं वळल्या. "फोटोवाले, भूकंपातून धड निघाली व्हती ही. तुमच्या हातून न्हाई निघाली."

मी कळशी उचलली.

"अहो, उद्घाटन आहे!" सर ओरडले.

"तुमच्या घरातलं भांडं ठेवा काचेत," म्हटलं, आणि मेसच्या पायरीवर थिनर, चिंधी, सुई घेऊन बसलो. अंगावरचं पुसलं गेलं. टिंबं सुईनं एकेक करून उकरावी लागली. बोटं चरचरत होती, डोकं तापलं होतं, सरांवर की माझ्यावर ते ठरत नव्हतं. मावशी मधूनमधून यायच्या, पिठाचं बोट पुसून चाचपायच्या. "अजून न्हाई." दुपारी मात्र बोट मध्येच थांबलं.

"भाऊ हितवर आलाय," त्या म्हणाल्या. "आडनाव राह्यलंय अजून. चालू द्या."