दयाबाईची उपकारस्तुती

राहुरीजवळच्या एका वस्तीवर दया राहायची. तिचा नवरा दानीएल विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचा. बहात्तरच्या उन्हाळ्यात त्याच्या पायात गंजका खिळा घुसला, धनुर्वात झाला आणि आठ दिवसांत माणूस गेला. आठही दिवस दया त्याच्या उशाशी गुडघे टेकून प्रार्थना करत होती. माती दिल्यावर तिनं पवित्र शास्त्र फडक्यात गुंडाळून फळीवर टाकलं. पाळकसाहेब समजूत घालायला आले, तर म्हणाली, "मागायचं तेवढं मागून झालं. आता देवाशी माझं बोलनं न्हाई."

पाऊस पडलाच नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली, तशी दया पाझर तलावावर माती वाहायला जाऊ लागली. शेजारची मालनबाई तिच्या जोडीला असायची.

माघात मालनबाईची लेक चांगुणा बाळंतपणाला आली. पहिलटकरीण. दीड दिवस कळा देऊनही सुटका होईना. सुईणीनं हात टेकले, तेव्हा बापानं, बन्सीनं, बैलगाडी जुंपली. मालनबाई धावत दयाकडं आली.

"दया, गाडीत बस. आमच्या देवांना सगळं बोलून झालं. तू तुझ्या देवाला सांग."

"मी सोडलंय ते, मालनबाई."

"मला ते काय कळत न्हाई. तू बस."

दया बसली. वाटेत चांगुणानं तिचं मनगट घट्ट धरलं. "मावशे, बोल ना कायतरी."

पाठ असलेली एकही प्रार्थना दयाला आठवेना. ती एवढंच म्हणाली, "देवा, मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं. लई राग हाय तुझ्यावर. पन ही पोर दमली रे. हिच्याकडं बघ."

आणि मग तिला थांबताच येईना. दानीएलचं दुखणं, ते आठ दिवस, रिकामं घर, सगळं ती रडत रडत देवाला सांगत राहिली. बन्सीनं एकदा मागं वळून पाहिलं आणि बैल हाकत राहिला.

दवाखान्याच्या ओट्यावर बसल्यावर दयाला कितीतरी महिन्यांनी हलकं वाटलं. कुणीतरी आपलं शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. चांगुणाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे नर्सबाईनं नंतर येऊन सांगितलं.

रविवारी ख्रिस्ती देवळात उपकारस्तुतीच्या, म्हणजे देवाचे आभार मानायच्या वेळी दया उभी राहिली. "दानीएलचं दुःख हाय, ते ऱ्हानारच. पन मी येकटी न्हाई. देवाचे उपकार." मागं सतरंजीवर डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या मालनबाईनंही हात जोडले.

पुढं आसपास कुठं बाई अडली, की निघालेल्या गाडीत दयाबाई असायचीच.