पाणी तर बाई आणतातच

नेव्यानाबाईंनी मला रसायनशास्त्रात दोनदा नापास केलं होतं. तेव्हा मी त्यांच्याबद्दल जे सांगतोय ते केवळ प्रेमापोटी, असं कुणी समजू नये.

आमच्या यासेनात्स गावात आज जे चाळिशी-पन्नाशीचे आहेत ते सगळे बाईंच्या हाताखालून गेलेले. शाळा बंद होऊन बारा वर्षं झाली. नवरा वारला, मुलगी स्पेनमध्ये परक्या म्हाताऱ्यांची सेवा करते. ती दर उन्हाळ्यात येऊन म्हणते, "आई, चल माझ्याबरोबर." बाई दर उन्हाळ्यात म्हणतात, "पुढच्या वर्षी बघू." कारण पाणी.

बल्गेरियाच्या या वायव्य कोपऱ्यात नळाला पाणी येतं ते दोन दिवसांआड, दोन तास, आणि रंगानं कडक चहासारखं. जमिनीखालचे पाइप माझ्या जन्माच्याही आधीचे. बाई दर महिन्याला एका बरणीत नळाचं पाणी भरायच्या, तारीख घालायच्या, कसलेतरी थेंब टाकून तपासायच्या आणि पाणीखात्याला पत्र लिहायच्या. उत्तर ठरलेलं असायचं : आपली तक्रार मिळाली. बरण्यांनी त्यांच्या तळघराची एक भिंत भरली होती.

शिवाय त्या पाणी आणायच्या. मठाखालचा झरा गावापासून चार किलोमीटर. मंगळवारी आणि शुक्रवारी बाई आपल्या जुन्या लाडा गाडीची मागची सीट काढून प्लास्टिकचे कॅन भरून आणायच्या आणि ज्यांना चालवत नाही अशा नऊ घरांच्या दारात ठेवायच्या. वय वर्षं सदुसष्ट. कॅन उचलताना त्यांचा चेहरा लाल व्हायचा, पण कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. "सोड, सांडशील," म्हणायच्या.

अशात संसदेची निवडणूक लागली. ती आमच्याकडे इतक्यांदा लागते की लोक आता पक्षांची नावंही घेत नाहीत, मतपत्रिकेवरचे नुसते नंबर बोलतात. तर या वेळी चौदा नंबरचा उमेदवार म्हणून एक इंजिनियर आला. बारीक, घाबरट माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं. वाचनालयाच्या खोलीत त्यानं फळ्यावर आमच्या गावाचा नकाशा काढला. पाइप कुठून कुठे, किती जुना, कुठे फुटलाय, बदलायला किती महिने लागतील, सगळं. ऐकायला आम्ही अकरा जण. बाई पहिल्या रांगेत, वहीत लिहून घेत होत्या. शेवटी तो म्हणाला, "काही प्रश्न?"

कुनाआजीनं हात वर केला. वय एक्याऐंशी. म्हणाली, "लग्न झालंय का तुझं?"

नऊ नंबरवाला तर गावात फिरकलाही नाही. तो टीव्हीवर असायचा. आमची भाषा, आमची लिपी, आमची मान ताठ, युरोपवाले आम्हाला घरगडी समजतात, असं टेबलावर मुठी आपटत बोलायचा. पाण्याबद्दल एक शब्द नाही. बाई म्हणायच्या, "याला दुर्लक्षानंच मारायला हवं."

आणि त्या घरोघर फिरल्या. प्रत्येकानं त्यांना बसवलं, कॉफी दिली, म्हणालं, "म्हणजे काय बाई! चौदाच!" मीही म्हणालो. बाईंना वाटलं, या वेळी गाव शहाणं झालं.

मतदानाच्या दिवशी बाई मतदान अधिकारी म्हणून बसल्या होत्या. संध्याकाळी आठला दार लावून पेटी टेबलावर उपडी केली. एकूण मतं एकशे त्रेचाळीस. नऊ नंबरला सत्त्याण्णव. उरलेली इकडेतिकडे. चौदा नंबरला सहा. बाईंनी ती सहा मतं पुन्हा मोजली. मग सत्त्याण्णवही पुन्हा मोजली. बाकीचे म्हणाले, "बाई, पुरे आता, बरोबर आहे." त्या म्हणाल्या, "बरोबर कसं असेल?"

सोमवारी सकाळी त्या माझ्या दुकानात आल्या. पाव घेतला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"किरचो, मला सांग, ही सहा माणसं कोण? मी मोजून पाहिलं. माझं एक. तो पोस्टातला एक, ती त्याची बायको. पुढे मला कोण आठवतच नाही. आणि हो म्हणाले होते सत्तर जण."

मी पाठ वळवून साखरेच्या पिशव्या नीट लावायला लागलो.

"सत्तर जणांनी माझ्या तोंडावर खोटं बोलायचं? मी काय पोलीस आहे?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून असेल, बाई."

"आणि आता काय मला चांगलं वाटतंय?"

मंगळवारी लाडा अंगणातून निघाली नाही. शुक्रवारीही नाही. बाईंनी दाराला आतून कडी लावली होती. हे त्यांनी मुद्दाम केलं होतं, पुढे मला स्वतःच सांगितलं : "म्हटलं, कळू दे. दोन दिवस घसा कोरडा पडला की डोकं चालायला लागेल."

पण गावाला काही कळलंच नाही. गाव समजलं, बाई आजारी आहेत.

बुधवारी कुनाआजी कोंबडीचं सूप घेऊन गेली. गुरुवारी कुणी चीज भरून भाजलेली बनित्सा ठेवली, कुणी छातीला चोळायला घरी गाळलेली राकिया दारू दिली. उंबऱ्यावर भांड्यांची रांग लागली. पाणी आलं नाही याची तक्रार घेऊन एकही माणूस गेला नाही. सगळ्यांनी आपापलं भागवलं. ते चहासारखं नळाचं पाणी गाळून, उकळून प्यायले.

शनिवारी त्सोलोदादा दिसला. हा बाईंचा शेजारी, वय अठ्ठ्याहत्तर, मूत्रपिंडात खडे, डॉक्टरांनी नळाचं पाणी पिऊ नको म्हणून बजावलेलं. तो हातगाडी ओढत माझ्या दुकानासमोरून झऱ्याकडे गेला. तीन तासांनी परतला तेव्हा गाडीत दोन कॅन होते आणि दादाचे ओठ पांढरे पडले होते. मी धावत गेलो, गाडी धरली. "वेडा झालास का? मला सांगायचं!"

"एक माझा," दादा धापा टाकत म्हणाला. "एक बाईंचा. त्यांना बरं नाही, त्यांच्याकडे पाणी कोण आणणार?"

मीच ती गाडी बाईंच्या फाटकापर्यंत ढकलली. दादानं दार ठोठावलं. बाईंनी उघडलं. कॅन पाहिला, दादाचे ओठ पाहिले, आणि मला वाटलं आता रडतील. पण त्या ओरडल्या. शाळेत ओरडायच्या तशाच.

"मी आजारी नाहीये! मला काहीही झालेलं नाही! मी चिडलेय तुमच्यावर!"

दादानं टोपी काढली. "आमच्यावर? काय केलं आम्ही?"

"नऊ नंबरला मत दिलंत ना तुम्ही?"

"दिलं."

"तोंड वर करून सांगताय!"

"विचारलंत म्हणून सांगितलं, बाई. आधी चौदा म्हणालो कारण तुम्ही कॉफी पीत होतात. कॉफी पिणाऱ्याला कसं दुखवायचं?"

"दादा, तुमच्या पोटात खडे आहेत. त्या इंजिनियरनं पाइप बदलतो म्हणून सांगितलं. आणि तुम्ही मत कुणाला देता? टेबलावर मुठी आपटणाऱ्याला! त्या मुठीतून पाणी येणार आहे का?"

दादा पायरीवर बसला. खरंच विचारात पडला होता. सावकाश म्हणाला, "माझा एमिल जर्मनीत डुकरं कापायच्या कारखान्यात आहे. तिथला मुकादम त्याला नावानं हाक मारत नाही, शीळ घालतो. कुत्र्याला घालतात तशी. एमिलनं हे मला एकदाच सांगितलं, नाताळला, प्यायल्यावर. आणि तो टीव्हीवरचा माणूस म्हणाला, आम्ही कुणाचे कुत्रे नाही. बस. मला बरं वाटलं."

"त्यानं शीळ थांबेल?"

"नाही."

"मग?"

"मग काय. बरं वाटलं." दादानं टोपी गुडघ्यावर पालथी ठेवली. "आणि पाण्याचं म्हणाल, तर पाणी तर तुम्ही आणताच."

  बाई दादाकडे बघत होत्या, मग लाडाकडे, मग परत दादाकडे, जणू कुणीतरी अनोळखी भाषेत पत्ता विचारला होता. मग आत गेल्या आणि दादासाठी पेलाभर पाणी घेऊन आल्या, त्यानंच आणलेल्या कॅनमधलं. दादानं ते पिऊन टाकलं आणि "देव बरं करो," म्हणून निघाला.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या त्या काही घ्यायला नाहीच.

"म्हणजे मी सात वर्षं पाणी आणलं म्हणून त्यांना पाणी मागावंसं वाटलं नाही. असंच ना? मीच पाइप झाले. मग मी आणायचं बंद करू? बंद केलं तर तो म्हातारा हातगाडी ओढत मरेल. आणि आणलं तर ते पुन्हा मुठी आपटणाऱ्यालाच निवडतील. किरचो, यातलं बरोबर कोणतं?"

"मला काय कळतंय बाई, तुम्हीच मला नापास केलं होतं."

त्या हसल्या नाहीत. "आणि तू? तू कुणाला दिलंस?"

खोटं बोलता आलं असतं. पण आदल्या दिवशी त्सोलोदादाला बघितलं होतं. म्हटलं, "नऊ."

"का?"

आता हे कसं सांगू? मला जर्मनीत मुलगा नाही, कुणी शीळ घालत नाही. माझ्या दुकानात बाटलीबंद पाणी खपतं, पण म्हणूनही नाही, देवाशप्पथ. पडद्यामागे गेलो तेव्हा चौदावरच खूण करणार होतो. मग मनात आलं, त्या इंजिनियरचं बोलणं खरं आहे, नकाशाही खरा आहे, आणि तरीही पाइप येणार नाहीत. आजवर काही आलंय? खरं बोलणाऱ्या माणसावर विश्वास ठेवून पुन्हा फसायचं, त्यापेक्षा... त्यापेक्षा काय, ते मला आजही पुरं करता येत नाही. मी बाईंना एवढंच सांगितलं, "हात तिकडे गेला."

"हात गेला," बाई म्हणाल्या. वहीत लिहून घेतल्यासारखं हळू म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मंगळवारी लाडा निघाली. पण आता बाईंनी नवा नियम काढला : ज्या घराला पाणी हवं त्या घरातल्या कुणीतरी बरोबर यायचं आणि कॅन उचलायचे. घरात कुणी उचलणारं नसेल तर शेजाऱ्यानं यायचं. आणि येताना पाणीखात्याच्या अर्जावर सही करायची. पत्र या वेळी एकट्या बाईंचं नाही, गावाचं.

बाकीच्या गावाच्या सह्या मागायला बाई पुन्हा घरोघर गेल्या. मनातून त्यांनी वीसेक धरल्या होत्या. आठवड्यात एकशे एकतीस झाल्या. लोक पेन हातातून ओढून घेत होते. त्सोलोदादानं हातभर लांब सही केली आणि म्हणाला, "हे बाकी उत्तम केलंत बाई. पाण्याशिवाय माणूस जगतो का? आधीच करायला हवं होतं!"

बाई ते कागद घेऊन माझ्या दुकानात खुर्चीवर बसल्या. आनंद व्हायला हवा होता. "एकशे एकतीस," त्या म्हणाल्या. "हीच माणसं. तोच महिना. मी सह्या मतदारयादीशी ताडून पाहिल्या, कुणी दोनदा केलीय का म्हणून. नाही. सगळ्या खऱ्या." चष्मा काढून डोळे चोळले. "मला राग तरी यायचा आधी. आता तोही धड येत नाही."

अर्ज गेला. पाच आठवड्यांनी पिवळी जाकिटं घातलेली दोन माणसं आली, चौकात खड्डा खणला, आत बघितलं, मान हलवली. गाव भोवती उभं राहून सल्ले देत होतं. त्यांनी फुटका भाग तेवढा बदलला, सहा-सात मीटर. आता नळ एक दिवसाआड येतो. रंग थोडा फिका झालाय. कुनाआजी म्हणते, "बघा, नऊ नंबर आला आणि काम झालं." हे ऐकून बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या, एवढंच.

मुलगी उन्हाळ्यात आली आणि एकटीच परत गेली.

मागच्या शुक्रवारी झऱ्यावर जायची माझी पाळी होती. मी कॅन लावत होतो, बाई दगडावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "ते वेडे नाहीत, किरचो. मी तीस वर्षं शिकवलंय त्यांना, मला माहीत आहे. मग मला जे दिसतं ते त्यांना का दिसत नाही? की त्यांना काही दिसतं जे मला दिसत नाही?"

मी खरंच विचार करत राहिलो. कॅन भरून वाहायला लागला.

"सांडतंय," बाई म्हणाल्या. मी दुसरा कॅन लावला.