आण्णांची तान

गुंदच्या जत्रेतल्या नाटकात राजाचं काम माझे थोरले चुलतभाऊ करतात. मी त्यांना आण्णा म्हणतो. पदं तेच गातात आणि मी व्हायोलिनची साथ करतो. त्या वर्षी पदाच्या शेवटी त्यांनी एक लांबलचक, गरगरत खाली उतरणारी तान घेतली आणि हात माझ्याकडे केला. आता तू घे, असा. माझी बोटं निम्म्यात अडकली. आण्णा माइकवर म्हणाले, "हळू बोला रे, व्हायोलिन झोपलं हाय." सगळा मंडप हसला. माझी बायकोही हसली.

ती तान वाजवायचीच, असं मी ठरवलं. कुणीतरी नाटक मोबाइलवर टिपलं होतं. तेवढा तुकडा घेऊन मी बागेतल्या पंपाच्या खोलीत बसू लागलो. तुकडा कमी वेगात लावायचा, थोडे सूर बसले की पुढचे धरायचे. पावसाळ्यात दमट हवेनं तारांवर फिरवायच्या गजाचे केस ढिले पडत, तारा उतरत. सूर एकदम वर उडी घेतो तिथे करंगळी पोचत नसे. मग मी आण्णांचा तो पुढे आलेला हात आठवायचो. राग आला की करंगळी पोचायची. बायको म्हणाली, एकदा भांडून मोकळे व्हा. मला भांडण नको होतं, मंडप हवा होता.

हळू ऐकताना एक गोष्ट सापडली. तानेच्या मध्येच आण्णा श्वास चोरतात. ही तान पेटीवाल्याच्या आवाक्यातली नाही, तो हात काढून घेतो. मी तेवढा खाली षड्ज धरून असतो, म्हणून तो श्वास कुणाला ऐकू जात नाही. साथीदाराचं कामच ते.

पुढच्या जत्रेत तान सुरू झाली. नेमक्या त्या जागी मी गज उचलला. आण्णांची धाप माइकमधून मंडपाच्या टोकापर्यंत गेली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. आण्णांचा धागा तुटला, ते थांबले. मग ती अख्खी तान मी एकट्यानं वाजवली, एकही सूर न सांडता. शिट्ट्या पडल्या. आण्णा मुकुट घालून तसेच उभे होते.

पडद्यामागे ते तोंडाचा रंग पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गज उचललास व्हय."

"व्हय," मी म्हणालो.

चुकलं म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. घरी जाताना मी खूश होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण होतो.

गेल्या आठवड्यात वैनी आल्या. आण्णांचा निरोप होता: यंदा सूर एक पट्टी वर, तान तीच, येतोस का? निरोप सांगून वैनींनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाल्या, गोठ्यापर्यंत जाऊन आले तरी त्यांना दम लागतो, जोयड्याच्या डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलंय, पण ऐकत नाहीत.

"भावजी, तुमी न्हाई म्हणालात तर त्येंचं गाणं बी थांबल."

त्या कशासाठी आल्यात ते मला कळलं होतं. एक शब्द पुरेसा होता.

"येतो म्हणून सांगा," मी म्हणालो.

वैनींनी चहा अर्धाच ठेवला. त्या अंगणाबाहेर पडायच्या आत मी व्हायोलिनच्या खुंट्या पिळायला घेतल्या, एक पट्टी वर.