नळीखालचा नंबर

नोकरीत ऐकलेल्या बऱ्याच कबुल्या विसरलो. एका म्हाताऱ्याची मात्र अजून मनातून जात नाही.

बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करून घेतात. त्याच धांदलीत ठाणे अंमलदाराला निनावी फोन आला. एका गावच्या म्हाताऱ्यानं जुन्या शिकारी रायफलीची नळी बदलून गावठी नळी बसवली आहे, अशी खबर होती.

दुसऱ्या दिवशी म्हातारा स्वतःच रायफल जमा करायला जीपनं आला. रायफल धोतरात गुंडाळलेली. सोबत बायको, हातात भाकरीचं गाठोडं. ती बाहेर ओट्यावर बसली.

रायफल निजामाच्या काळातली, त्याच्या बापाची. परवान्यात नंबर स्पष्ट होता. नळीवर नंबराच्या जागी नुसती चकाकी.

"आजोबा, नंबर कुठं गेला?"

त्यानं दाराकडं पाहिलं. "मीच घासला."

"कशानं?"

"कानशीनं."

"आणि नळी?"

"नळी बापाच्या येळची हाय, साहेब. तिला हात न्हाई लावला."

"मग नंबर कशाला घासला?"

"घासला. लिवा तुमी."

आमच्या घराण्यात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिला. शिक्षणानं मला वर्दी दिली, म्हणून लिहिलेल्या अक्षरावर माझा फार विश्वास. परवान्यात नंबर आहे, नळीवर नाही आणि माणूस कबूल झालाय. आणखी काय हवं? गुन्हा दाखल झाला असता तर पंच्याहत्तरीचा तो माणूस कोठडीत गेला असता. नळीबद्दल जाणकाराचं मत तेवढं बाकी होतं, म्हणून बीडहून बंदुका दुरुस्त करणारे एक परवानाधारक मिस्त्री बोलावले. त्यांना सगळे चाचा म्हणत.

पंचांसमोर चाचांनी नळीवरून अंगठा फिरवला आणि हसले.

"साहेब, कानशीचे चरे सरळ पडतात. इथं एक तरी चरा दाखवा. नळीच्या सगळ्या कडा गोल झाल्यात, नेम धरायचं टोकसुद्धा झिजलंय. असं तर भांडं घासतात."

मग त्यांनी स्क्रू काढून नळीखालचं लाकूड उतरवलं. लाकडानं झाकलेल्या भागावर परवान्यातलाच नंबर होता, ठसठशीत. नळी जिथं मागच्या पोलादी भागात बसते, तिथं कारखान्यात दोन्हींवर मिळून मारलेली एक बारीक रेघ होती. ती रेघ तसूभरही सरकलेली नव्हती.

"नळी एकदाही निघालेली नाही," चाचा म्हणाले. "बदलायची तर दूरच."

मी ओट्यावर गेलो. "आजी, रायफल घरात कोण साफ करतं?"

"मीच की! दर खंडेनवमीला चिंच आन् राख लावून लख्ख करते. पूजेला मळकं ठेवायचं व्हय?"

आतून म्हातारा ओरडला, "तुला कुनी बोलाय सांगितलं?"

"कावून? चोरी केली का म्या?" तीही कडाडली. "चाळीस वरसं घासते, तवा न्हाई बोललात!"

मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. "आजोबा, खोटं का बोललात?"

"नंबर खोडला की जेल हुती, आसं गावात म्हनत्यात. तिला साखर हाय, साहेब. तिला आत टाकलं आसतं तर दोन दिवस बी काढले नसते तिनं."

हेतू नव्हता, नळी मूळचीच होती. दोघांचे जबाब घेतले, रायफल तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवली. अहवाल चाचांच्या म्हणण्यासारखाच आला. पुढं रीतसर परवानगीनं नळीवर नंबर पुन्हा कोरून मिळाला. फोन करणारा सापडला नाही. बांधाचा वाद असावा, असा माझा अंदाज.

कबुली मिळाली की कागद भराभर पुढं सरकतात, आणि आम्हाला तेच हवं असतं. त्या दिवशी चाचा बीडहून यायला तयार झाले नसते, तर मी गुन्हा नोंदवून मोकळा झालो असतो. पुढच्या सगळ्या नोकरीत कुणी फार पटकन कबूल झालं की मी पेन खाली ठेवायचो आणि आधी विचारायचो, "घरी कोण कोण आहे?"